आधी साधी, मग विजेची?

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीच्या प्रवेशाची धामधूम ओसरेपर्यंतचा जो काळ, त्या काळात मध्यमवर्गीय मराठी घरांतून जे तह आणि करारमदार घडून येतात, त्यांत विद्युत-गिटारीची मागणी हा अलीकडे एक नेमाचा विषय होऊन बसला आहे. मुलाने किंवा मुलीने ही अट परीक्षेपूर्वीच घालून ठेवलेली असते. वडिलांनी, वेळ येईल तेव्हा पाहू, अशा हिशेबाने तिला मोघम रुकार दिलेला असतो. आणि गुणपत्रिकेवरील आकडे अनपेक्षितपणे समाधानकारक निघाल्यामुळे तो रुकार वटविण्याचा प्रसंग आता त्यांच्यावर येऊन ठेपतो. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी जो तोडगा काढतात तो बहुतेक ठिकाणी एकच असतो. "आधी साधी घेऊ, ती वर्षभर नीट वाजवून दाखव, मग विजेची बघू." या निवाड्यात व्यवहाराचे शहाणपण आहे, काटकसर आहे, मुलाची चिकाटी जोखण्याचा हेतूही आहे, नाही तो फक्त वस्तुस्थितीचा आधार. विद्युत-गिटार ही साध्या गिटारीच्या वरची पायरी होय, ही समजूत मुळातच निराधार असून तिच्यापायी पुष्कळ मुलांचे वादन सुरू होण्याच्या आधीच संपते, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या गिटारीचा, म्हणजे जिला दुकानदार अकूस्टिक म्हणतात तिचा, आवाज उत्पन्न होतो तो तारेच्या कंपनाने वरची लाकडी फळी हलते म्हणून. ती फळी हलविण्याइतके बळ तारेत असावे लागते. म्हणून तारा जाड असतात आणि त्यांना ताणही तसाच द्यावा लागतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पोलादी संचातील सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असते व सहाही तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या वर जातो. विद्युत-गिटारीच्या तारांवर असली कोणतीही जबाबदारी नाही. तारेखाली बसविलेल्या लोहचुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की त्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या कित्येक हजार वेढ्यांतून एक क्षीण विद्युत्प्रवाह निघतो, आणि त्याला मोठे करण्याचे काम पुढे ॲम्प्लिफायर करतो. त्यामुळे ०.००९ इंचापासून सुरू होणारा संच तिला पुरतो व एकंदर ताण जवळजवळ निम्म्यावर, ४० किलोच्या आतबाहेर येतो. ज्या बोटांना अजून घट्टे पडलेले नाहीत त्या बोटांच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे ज्याने तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबण्याचा, 'एफ' या नावाने कुप्रसिद्ध असलेला कॉर्ड धरून पाहिला असेल त्याला सांगावे लागू नये. पुष्कळ शिकाऊ मंडळींची गिटार याच मुक्कामावर कपाटाच्या मागे जाऊन उभी राहते. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना मऊ असते, हे कबूल. पण तिची मान वरच्या टोकाशी सुमारे ५२ मिलिमीटर रुंद, आणि विद्युत-गिटारीची ४२-४३ मिलिमीटर. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पंज्याला हे एक सेंटिमीटर जड जाते.

आवाजाविषयीची जी हरकत घेतली जाते, ती तर मला नेहमीच उलटी वाटत आली आहे. विद्युत-गिटार म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचे वैर, असे समजून पुष्कळ वडील तिला नकार देतात. परंतु सदनिकांच्या पातळ भिंतींआड रात्री दहानंतर, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घराघरांतून शांतता अपेक्षिली आहे त्या वेळी, जर कोणती गिटार निर्धोकपणे वाजविता येत असेल तर ती हीच. केबल न जोडता वाजविली तर तिचा आवाज पलीकडच्या खोलीतही जेमतेम पोचतो, आणि केबल जोडून कानांवर हेडफोन चढविला तर ज्याचे त्याला ऐकू येते. साध्या गिटारीला आवाज कमी करण्याची कळ नसते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या संगीताशी थेट निगडित असूनही या वादात कोणी काढीत नाही. पडद्यांच्या वाद्यात दोन पडद्यांच्या मधली जागा हरवते, श्रुतींचा बळी जातो, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे; हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० साली जो बहिष्कार घातला व जो पुढे तीस वर्षे टिकला, त्याच्या मुळाशी हीच तक्रार होती. सतारीने तीतून केव्हाच वाट काढली, ती पडद्यावर तार आडवी ओढून, म्हणजे मींड घेऊन. विद्युत-गिटारीच्या बारीक तारेवर नवशिक्याचे बोटही काही आठवड्यांच्या सरावानंतर एक संपूर्ण स्वर चढवू शकते. जाड पोलादी तारेच्या साध्या गिटारीवर हेच करू जाता बोट सोलवटते आणि स्वर अर्ध्या वाटेवरच थांबतो. ज्या घरात लहानपणापासून नाट्यपद आणि ख्याल कानांवर पडले आहेत त्या घरातील मुलाला सरळ, सपाट स्वरांपेक्षा वळणारा स्वर अधिक जवळचा वाटणार, हे स्वाभाविक आहे. आणि तो वळविण्याची सोय या दोन गिटारींपैकी जिच्यात अधिक, ती त्याच्या हाती आधी पडावी, यात मला तरी काही विपरीत दिसत नाही.

हे वाद्य परके आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा मुंबईच्या धोबीतलावाचा फेरफटका करावा. तिथल्या जेर महाल इमारतीत गोव्यातील निरनिराळ्या गावांचे 'कूड' होते. समुद्रावर नोकरीला निघालेले खलाशी आणि चित्रपटसृष्टीत काम शोधणारे वादक त्यांत उतरत. स्वरलिपी वाचू शकणाऱ्या या गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. फुर्तादो या १८६५ पासूनच्या वाद्यविक्रेत्यांचे नाव याच परिसराशी जोडलेले आहे, आणि १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा ज्या रंगभवनात गाजला ते रंगभवनही तिथून हाकेच्या अंतरावर. १९३२च्या सुमारास अमेरिकेत रिकेनबॅकर यांच्या कारखान्यातून जी पहिली विद्युत-गिटार विक्रीस आली ती मुळी मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांब सरकवून वाजवायची हवाईयन पद्धतीची होती. आणि आपल्याकडेही व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या हातांतील विद्युत-गिटारीने रेडिओवरून मराठी घरांत प्रवेश केला तो चित्रपटगीतांच्या सुरावटी घेऊनच. पुढे १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये भूपिंदर सिंगांनी, १९८०च्या 'कर्ज'मध्ये गोरख शर्मांनी जे वाजविले ते आजचे आजोबाही गुणगुणतात. फक्त ते वाद्य विजेचे होते, हे त्यांच्या ध्यानात नसते.

आता घ्यायची कोणती, या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न दुकानात शिरल्यावर बहुधा चुकीच्या टोकाकडून सुटू लागतो. पुण्यातील एका दुकानात माझ्यासमोर घडलेला संवाद नमुन्यादाखल सांगतो. मुलीच्या हाती एक निळी गिटार होती. तिने ती मांडीवर घेऊन पाहिली आणि पहिल्याच पडद्यावर बोट दाबताना तिचा चेहरा कसनुसा झाला. विक्रेता वडिलांना म्हणाला, "काका, हिची बॉडी महागनीची आहे, या किमतीत महागनी कुठे मिळणार नाही." वडिलांनी मान डोलावली व बॉडीवर टिचकी मारून पाहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, दुखतंय." त्यावर विक्रेत्याने, सुरुवातीला दुखणारच, असे दोघांनाही समजावले आणि पावती फाडली. वस्तुतः दुखत होते याचे कारण सुरुवात हे नव्हतेच. तारा वरच्या टोकाशी ज्या खाचांतून जातात त्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नव्हत्या, त्यामुळे पहिल्या पडद्याशी तारा वाजवीपेक्षा उंच राहिल्या होत्या. वीस मिनिटांचे काम होते. ते करण्याची सोय दुकानात नव्हती, आणि ते करावयाचे असते याची खबर गिऱ्हाइकाला नव्हती.

हे काम म्हणजेच सेटअप, आणि पहिल्या गिटारीच्या खरेदीत नाव, लाकूड, रंग, किंमत या सर्वांहून मी त्याला वरचे स्थान देतो. त्याचे कारण या वाद्याच्या जन्मकथेत आहे. १९५० साली भरीव बॉडीची विद्युत-गिटार कारखान्यातून बाजारात आणणारे लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. रेडिओवाल्याने वाद्य बनवावे तसेच ते त्यांनी बनविले: मान बॉडीला सरसाने चिकटविण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळली, म्हणजे बिघडली तर काढून दुसरी बसविता यावी; आणि १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र घोडी ठेवली, जिची उंची वेगळी व लांबी वेगळी कमीजास्त करता यावी. मानेच्या पोटात पोलादी सळई असते. तिची चावी पाव फेरा फिरविली की मानेचा बाक बदलतो. सारांश, हे वाद्य कारखान्यातून येते ते तयार होऊन नव्हे, तर तयार करण्याजोगे होऊन येते. आपल्याकडे मिरजेहून तंबोरा आणणारा मनुष्य सतारमेकरांकडून जवारी काढून घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. घोडीवरचा तो दोरा आणि ती घासणी यांवाचून तंबोरा हा नुसता भोपळा आहे, हे त्याला ठाऊक असते. तोच मनुष्य मुलासाठी गिटार घेताना मात्र खोक्यात बंद होऊन आलेला जिन्नस तसाच्या तसा उचलून घरी आणतो.

दुकानात काय पाहावे, ते थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे, व त्यासाठी वाजविता येण्याची गरज नाही. गिटार हातात घेऊन तिच्या मानेच्या कडांवरून, वरपासून खालपर्यंत, अंगठा आणि तर्जनी सरकवावी. पडद्यांची टोके बोचली तर तिथेच थांबावे. मग सर्वांत जाड तार एका हाताने पहिल्या पडद्यावर, दुसऱ्या हाताने जिथे मान बॉडीला मिळते त्या पडद्यावर, एकाच वेळी दाबून धरावी आणि मधोमध, सातव्या-आठव्या पडद्याशी, तार व पडदा यांच्यामध्ये उजेडाची फट किती दिसते ते बघावे: एखादे पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असली तर मान ठीक, बोट जाईल एवढी असली तर बाक फार, मुळीच नसली तर मान उलट्या अंगाने वाकलेली. बाराव्या पडद्याशी तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटरांच्या दरम्यान असावी. त्याच बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून छेडले असता जो घंटेसारखा स्वर निघतो तो, आणि तिथेच दाबून छेडलेला स्वर, हे दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. फोनमधील ट्यूनर हे सांगू शकतो. जुळत नसतील तर घोडी मागेपुढे करून ते जुळविता येतात, आणि विक्रेत्याने ते आपल्यासमोर जुळवून दाखवावेत. शेवटी ॲम्प्लिफायर लावून सगळ्या कळा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवाव्यात. खरखर आली, तर ती घरी जाऊन थांबेल, या आश्वासनावर विश्वास ठेवू नये.

लाकडाच्या गोष्टी मात्र खुशाल एका कानाने ऐकाव्यात. भरीव बॉडीच्या गिटारीचा आवाज प्रामुख्याने ठरतो तो पिकअप (म्हणजे तारांखालचे ते चुंबक व त्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे), तारा आणि ॲम्प्लिफायर यांवरून. लाकडाचा त्यात वाटा किती, यावर तज्ज्ञांत कितीही भांडणे असोत, पंधरा-वीस हजारांच्या गिटारीवर शिकणाऱ्याला तो वाटा ऐकू येण्याची वेळ फार लांब आहे. ब्रायन मे या मुलाने १९६३ साली आपल्या वडिलांबरोबर घरच्या घरी जी गिटार करावयास घेतली तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडातून कोरली होती. त्या लाकडाला कीड लागलेली होती आणि तिची भोके आगकाड्यांनी बुजविली होती. तारांचा ताण पेलण्यासाठी मोटारसायकलीच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या. तीच गिटार घेऊन तो पुढे 'क्वीन' या मंडळीत जन्मभर वाजवीत राहिला. नावांचीही तीच कथा. नवशिक्यांसाठीच्या बहुसंख्य गिटारी आज इंडोनेशिया व चीन येथे तयार होतात, आणि दुकानात एकमेकींच्या शेजारी निरनिराळ्या नावांनी टांगलेल्या, परस्परांच्या प्रतिस्पर्धी म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारी सुराबाया येथील एकाच कारखान्याच्या छपराखालून निघालेल्या असण्याचा पुष्कळच संभव असतो. स्क्वायर, यामाहा, आयबनेझ, कोर्ट यांपैकी कोणतेही नाव पहिल्या गिटारीला पुरेसे आहे. त्यांच्यात निवड करायची ती हातात धरून.

एका लाकडाचा उल्लेख मात्र केल्यावाचून राहवत नाही. बोटे ज्या पट्टीवर फिरतात ती पट्टी पूर्वी बहुधा आपल्याकडच्या शिसवाची असे. शिसवाच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ साली निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९मध्ये त्यातून सूट मिळाली, तरी मधल्या काळात कारखान्यांनी पर्याय शोधले होते. स्वस्त गिटारींच्या माहितीपत्रकात 'इंडियन लॉरेल' म्हणून ज्या लाकडाचे नाव आज आढळते ते ऐनाचे; सह्याद्रीच्या रानात ज्याच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसते, त्याच जातीचे. शिसव नाही म्हणून हळहळणाऱ्यांना एवढे समाधान असावे.

मुलाने रंगावरून गिटार पसंत केली तर वडिलांनी हसू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. जे वाद्य पाहावेसे वाटते ते हातात घ्यावेसे वाटते, आणि पहिल्या सहा महिन्यांत हातात घेणे हाच सगळा अभ्यास असतो. वजनाकडे मात्र लक्ष असावे: लेस पॉल घाटाच्या गिटारी चार किलो किंवा त्याहून जड निघतात, आणि उभ्याने वाजविणाऱ्या लहान खांद्याला ते वजन तासाभरात कळते. बोटे आखूड असतील तर तारेची लांबी २५.५ इंचांऐवजी २४ किंवा २४.७५ इंच असलेला नमुना मागावा. पडदे जवळ येतात व तारा आणखी सैल लागतात. आणि ज्या गिटारीच्या घोडीवर तारा आवळून बंद करण्याची, दांडा ओढून स्वर हेलकावण्याची, फ्लॉइड रोझ नावाची यंत्रणा बसविलेली असते ती कितीही झगमगती दिसली तरी पहिल्या खरेदीत टाळावी, कारण तीत एक तार बदलायची म्हणजे सहाही तारांचे सूर पुन्हा पुन्हा लावीत बसावे लागते, आणि शिकाऊ मुलाची एक संध्याकाळ त्यातच जाते. अचल घोडी साधी, आणि सूर धरून राहणारी.

पिकअपविषयी एक सूचना, कारण तिचा संबंध आपल्या घरच्या विजेशी आहे. एकेरी वेटोळ्याचा पिकअप हा आसमंतातील ५० हर्ट्झची विजेची गुणगुण ऐकतोच. दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती गुणगुण परस्पर रद्द करणारा पिकअप गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली सिद्ध केला व त्याला हंबकर हे नाव पडले. ज्या इमारतीतले वायरिंग जुने आहे तिथे निदान घोडीजवळ तरी हंबकर असलेली गिटार अधिक सुखावह. पण गुणगुण हा केवळ त्रास आहे; अर्थिंगचा अभाव हा धोका आहे. गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरमार्गे अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि वाजविणाऱ्याची बोटे सतत त्या तारांवर असतात. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली स्वान्सी येथे भर रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावला, तो अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या बोर्डात बसावा म्हणून त्याची तिसरी पिन मोडून टाकण्याचा जो प्रघात आहे, तो निदान या एका वस्तूच्या बाबतीत तरी बंद ठेवावा, आणि गिटार घरी येण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीतील अर्थिंग तपासून घ्यावे.

खर्चाच्या वाटणीत गल्लत होते ती अशी, की तीस हजारांची तरतूद असली तर अठ्ठावीस हजारांची गिटार घेतली जाते, आणि उरलेल्या दोन हजारांत जो ॲम्प्लिफायर येतो त्यातून ती अठ्ठावीस हजारांची गिटार कुईकुई करते. विद्युत-गिटारीचे अर्धे वाद्य म्हणजे ॲम्प्लिफायर, हे विसरता कामा नये. गिटारीवर सतरा-अठरा हजार, हेडफोनचे भोक असलेल्या दहा-पंधरा वॅटच्या बऱ्या ॲम्प्लिफायरवर आठ-नऊ हजार, सेटअपवर हजार-दीड हजार, आणि बाकी केबल, पट्टा, तारांचा जादा संच व अर्धा डझन प्लेक्ट्रम, अशी वाटणी माझ्या मते न्याय्य. गिटार, ॲम्प्लिफायर, पिशवी सर्व एकाच खोक्यात घालून देणारे जे स्वस्त संच मिळतात, त्यांतील ॲम्प्लिफायर बहुधा नावापुरताच असतो. हात आखडता असेल तर जुनी गिटार घ्यावी. उमेद ओसरलेल्या मंडळींच्या, फारशा न वाजलेल्या गिटारी पुण्या-मुंबईत निम्म्या किमतीला मिळतात. तिथे मात्र वाजविणारा कोणी मामा किंवा मित्र सोबत नेणे आवश्यक, कारण झिजलेले पडदे आणि पिळवटलेली मान नवशिक्याच्या डोळ्यांना दिसत नाही.

शेवटचा मुद्दा हवामानाचा, आणि त्यातून निघणारी माझी मागणी वाद्यविक्रेत्यांकडे आहे. इंडोनेशियाच्या दमट हवेत तयार झालेली गिटार नागपूरच्या किंवा संभाजीनगरच्या उन्हाळ्यात येऊन पडली की तिच्या मानेचे लाकूड आकसते व पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन बोटांना ओरबाडतात. तीच गिटार जूनमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत घेतली तर चार महिन्यांच्या ओलीने लाकूड फुगते, मानेचा बाक बदलतो, तारांवर गंज चढतो. जूनमध्ये बिनचूक लावून दिलेली गिटार ऑक्टोबरात पुन्हा बोटांना दुखवू लागते ती यामुळे. आणि आपली प्रगती खुंटली, असे समजून मुलगा ती ठेवून देतो. लहान शहरांत हे काम जाणणारा कारागीर सापडत नाही, ही विक्रेत्यांची सबब खरी आहे. पण कारागीर तयार होतील ते त्यांच्याकडे काम आले तर. जो दुकानदार वर्षाकाठी शेकड्याने गिटारी खपवितो त्याला एक मनुष्य या कामी शिकवून बसविणे मुळीच अशक्य नाही. तेव्हा विद्युत-गिटारीच्या किमतीतच पहिला सेटअप धरला जावा, आणि पहिला पावसाळा उलटल्यावर दुसरा विनामूल्य मिळावा, असा दस्तूर या धंद्यात पडला पाहिजे. तो आपोआप पडणार नाही. यंदा ज्यांच्या घरी हा तह झाला आहे त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी या दोन कलमांची मागणी करून ती पावतीवरच लिहून घ्यावीत. दुकानदार आधी कुरकुर करील, पण गिऱ्हाईक खुर्चीवरून उठू लागले की लिहून देईल.